खुराड्याचं दार

दिवेलागणीला आमच्या घरी कुणीच नसतं.
मी टॉवेलच्या कारखान्यात, दुसऱ्या पाळीला,
राजमणी सात रस्त्याजवळच्या दवाखान्यात
कुणाच्या तरी उशीचा अभ्रा बदलत असते,
आणि कुंभारीच्या अलीकडं, माळाला लागून,
सात कोंबड्या आपापल्या आत जातात.
दार मात्र उघडंच.

फाल्गुनात मुंगूस येऊन गेलं.
आठ होत्या तेव्हा.
पिसं गोळा करताना राजमणी एवढंच म्हणाली,
दार आपोआप लागायला पायजे.

होटगी रोडच्या दुकानात हत्तुरेंनी
तीन दारं पुढ्यात मांडली,
साड्या दाखवाव्यात तशी.

पहिलं घड्याळावर चालणारं.
पण मार्गशीर्षात सहाच्या आतच मावळतं,
आषाढात सात वाजून जातात.
कोंबडीला साडेसहा ठाऊक नाहीत,
तिला अंधार ठाऊक.

दुसरं उजेडावर.
एवढासा काचेचा डोळा, हरभऱ्याच्या डाळीएवढा.
मी म्हटलं, वैशाखात दुपारी चारलाच धूळ उठते,
सगळं काळं होतं,
तेव्हा रात्र समजून हा मिटला तर?
आणि शेजारी माशाळांकडं लग्न निघालं,
बारापर्यंत हॅलोजन पेटले, तर?
हत्तुरे हसले. कोंबडं झाकलं म्हणून
उजाडायचं राहतंय का, म्हणाले.
राहत नाही हो.
पण आम्हाला झाकायचंच आहे, आणि वेळेवर.

तिसऱ्यात डोळाही, घड्याळही,
वर सोलरची पाटी.
किंमत माझ्या अकरा पाळ्या.

मी एकच विचारलं,
मध्ये काही आलं तर थांबतं का?
तीस वर्षं मागावर काढलीत.
ताण्यातला एक धागा तुटला
तर अख्खा माग जागच्या जागी उभा राहतो,
एवढी अक्कल लोखंडाला आहे.
बोटाला मात्र तो थांबला नव्हता.
डावा हात दाखवला तेव्हा हत्तुरे हसायचे थांबले.
कानामागची पेन्सिल काढून त्यांनी फटीत धरली.
पहिल्या दारानं मोडली.
दुसऱ्यानं चेपली, आणि विचारात पडल्यासारखं तिथंच राहिलं.
तिसरं टेकलं न टेकलं तोच वर गेलं,
गर्दीत चुकून कुणाच्या पायावर पाय पडला
की आपण उचलतो तसं.

तेच घेतलं.

पहिल्या संध्याकाळी दोघांनी अर्धी रजा टाकली.
खुराड्यासमोर दोन पाट मांडून बसलो,
नाटकाला बसावं तसं.
डोळ्यानं आभाळ वाचलं, मोटर कुरकुरली,
पत्रा सावकाश खाली उतरला.
राजमणी मोजत होती.
मोजणं तिला अजून तेलुगूतच जमतं:
ओकटी, रेंडू, मूडू, नालुगू, ऐदू, आरू.
सातवी नल्ली, नेहमीची उशिराची,
शेवग्याखाली अजून काही उकरत होती.
आली, बंद पत्र्याकडं मान तिरकी करून पाहिलं,
एकदा चोच आपटली.
पाच मिनिटं उशीर झाला
की मी गेटवरच्या वॉचमनकडं
असाच बघतो.

दार बरोबर लागलं होतं,
खोट काढायला जागा नव्हती.
फक्त त्याला मोजता येत नाही.

वेळ वीस मिनिटं पुढं सरकवली.
तरी रोज सातच्या सुमाराला
चाळीस मागांच्या खडखडाटात माझे ओठ हलतात.
शेजारच्या मागावरच्याला वाटतं, तंबाखू चघळतोय.

रात्री अकराला राजमणी चप्पल न काढता
बॅटरी घेऊन मागं जाते, वरची फळी उचलते,
झोपलेल्या पिसांवर बोट ठेवत जाते,
ओकटी, रेंडू.
काल आरूवरच थांबली.
फळी धरून तशीच उभी.
मी काही बोललो नाही, बॅटरी घेतली,
कुंपण पाहिलं, शेवगा पाहिला,
मग उजेड वर नेला.

नल्ली सोलरच्या पाटीवर,
जी अजून उन्हानं कोमट असणार,
मान पंखात खुपसून गाढ.

एडू, राजमणी म्हणाली.
तिला आत ठेवलं,
आणि एवढ्या रात्री ओलं फडकं आणून
पाटीवरची शिट पुसत बसली.
उद्या चालायला पायजे की दार, म्हणाली.