तिसरा रकाना

दारव्ह्याची गाडी फाट्यावर साडेअकराला येते,
अंकुशला मात्र ती चार मिनिटं आधीच येते.
तो खडू ठेवतो, मान तिरकी करतो,
भरल्या वर्गात एकटाच म्हणतो, "आली."
आणि मग येते.

माझ्या जर्नलात याला जागा नाही.
तिथं आहे: अंकुश टेकाम, वय नऊ.
उद्दिष्ट: शर्टाची बटणं, पाचपैकी चार वेळा.
रकाने तीन. हात धरून. तोंडी सांगून. स्वतंत्रपणे.
जुलैपासून मी पहिल्याच रकान्यात खुणा करते आहे.
शर्ट एकच, निळा;
त्याचं तिसरं बटण वडिलांनी
जुन्या ट्यूबचं गोल कापून लावलेलं.
पंक्चर काढणारा हात, टाकाही तसाच जाड.

सोमवार-मंगळवार ही शाळा, पुढचे तीन दिवस लोहीची,
शनिवार-रविवार अमरावती, संपर्क वर्ग.
तिथं मी शेवटच्या बाकावर.
सर विचारतात, "संवेदी एकात्मता म्हणजे?"
मला अंकुशची मान दिसते,
शब्द दिसत नाही.
शेजारची प्रणोती कुजबुजते, तेव्हा कुठं बोलते.
म्हणजे मी अजून दुसऱ्या रकान्यात.

नोंदणी क्रमांक दिल्लीहून यायचा आहे.
तोवर आराखडा माझा, सही दुसऱ्याची.
सहीवाले साहेब तालुक्याला बसतात.
एकदा त्यांनी "अंकिता" लिहिलं होतं,
मी व्हाइटनर लावून वाळायची वाट पाहत बसले.

मोहोड सर म्हणतात,
"एवढं शिकून काय करान, मॅडम?
करार तं अकराच महिन्याचा."
मी म्हटलं, "बाराव्यात परीक्षा असते ना सर."
ते हसले. मग चहातला अर्धा माझ्याकडे सरकवला.

डिसेंबरात परीक्षक बाई आल्या.
लहान पोरांच्या खुर्चीत कशाबशा मावल्या.
अंकुशनं पहिलं बटण दुसऱ्या काजात घातलं,
मग दुसरं तिसऱ्यात,
मग रबराचं, फार वेळ घेऊन, चौथ्यात.
माझे हात मी मांडीखाली दाबून धरले होते.
चौथ्याला थांबला. मान तिरकी. "आली."
बाईंनी लिहिलं: लक्ष विचलित.
जरा वेळानं हॉर्न वाजला.
बाईंनी खिडकीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.
खोडलं काही नाही.

शाळा सुटल्यावर फाट्यावर त्याचा बाप
सवयीनं शर्टाकडे वाकला,
एक टोक गुडघ्याकडे, एक बेंबीवर.
"राहू द्या," मी म्हटलं, "त्यानं लावलंय."
बापानं हात पुसले. आधीच पुसलेले होते.

पाच वाजून गेले. माझी गाडी?
मी रस्त्याकडे बघत होते,
अंकुश बघत नव्हता, ऐकत होता.
"नाही," म्हणाला.

मी पिशवी खाली ठेवली
आणि टायरवर बसले.