तिसरी रेष

शनिवारची शाळा साडेदहाला सुटते.
मग उरतो आम्ही सातजण,
मी, सहा पोरं,
आणि सुयोग सुताराच्या घरातला टेप,
पहिले दोन इंच तुटलेला.
प्रत्येक मापातून दोन वजा करायचे
हे आमचं पहिलं संशोधन.

मंडळाला नाव अजून नाही.
'इतिहास संशोधन मंडळ' म्हटलं की हेडमास्तर दचकतात,
'गल्लीची वही' म्हटलं की पोरं नाक मुरडतात.

यंदा पुराच्या खुणा.
पंचगंगा कुठल्या साली कुठवर आली,
कुणाच्या उंबऱ्याला शिवून परतली
आणि कुणाच्या माळ्यावर जाऊन बसली.
एकोणीसचा पूर यांनी पाहिलाय, बापाच्या खांद्यावरून.
त्याला इतिहास म्हणायला मात्र तयार नाहीत.
"सर, इतिहास म्हणजे आपण नसताना झालेला."
मी खडू शोधत राहिलो.

रज्जाक मणेरांचं बांगड्यांचं दुकान.
भिंतीवर तीन रेषा.
वरची एकोणीसची, निळ्या ऑइलपेंटची.
मधली दोन हजार पाचची, लाल.
तिसरी खूप खाली, चुन्याच्या गिलाव्यात कोरलेली,
बिनतारखेची.
तीन फूट एक इंच,
दोन वजा करून.

पूर्वा डवरीनं वहीत लिहूनही टाकलं :
जुना पूर, बहुधा आजोबांच्या काळातला.

चाचा चहा सांगून आले.
"पूर न्हाई गा त्यो. माझी भैण हाय ती.
ईदेला अब्बा आमाला भितीला टेकवून उभं करायचे.
शाबेरा. सातवं वरीस."
"आणि तुमची रेष?"
"मांडणीच्या मागं असंल. बघायची तर
ह्या सगळ्या बांगड्या उतरा."
कुणी उतरल्या नाहीत.

पूर्वानं 'पूर' खोडला,
एकाच रेघेनं, खालचं वाचता येईल असा.
पुसायचं नाही, एवढाच आमचा नियम.

गडहिंग्लजला फोन लावला. स्पीकरवर शाबेरा :
"आरं कसली माझी! बुटकी हुतो म्हणून काय
सात वर्साची एवढीशी हुतो व्हय?
गवंड्यानं खूण केलती ती, रंगाचा पट्टा मारायला.
भावाला म्हणावं, चष्मा बदल."
चाचा बराच वेळ काच पुसत राहिले,
जी आधीच पुसलेली होती.

तेवढ्यात समोरचे थोरले कुंभार पायरीवर टेकले.
"पाणीच हाय त्ये. म्या बघितलंय की.
म्हशी जिन्यात बांधल्या हुत्या आमी."

सुयोग रडकुंडीला आला.
"सर, खरं काय ते तुम्ही सांगा की.
तुम्हाला ठाऊक असणार."
मला ठाऊक नव्हतं.
ते पोरांसमोर म्हणायला
बावीस वर्षांची नोकरी कमीच पडली असती,
पण चहा आला, गरम होता,
आणि तोंडातून निघून गेलं.

कुणी हसलं नाही.
जुवेरियानं वही ओढून घेतली,
तिघांची नावं लिहिली, तिघांची वाक्यं,
त्यांच्याच बोलीत, 'हुतो'ला 'होते' न करता.
खाली आपलं एक :
रेष आहे. बाकी चौकशी चालू.

निघताना गडबड.
पाचवीतला आदिल पखाली,
जो भावामागं चहासाठी येतो,
भिंतीला पाठ लावून उभा राहिला, टाचा जुळवून.
पूर्वानं त्याच्या डोक्यावर वही आडवी धरली
आणि पेन्सिलनं ओढली एक रेष.
पुराव्याला हात लावायचा नसतो,
हे मीच सांगितलेलं होतं.
"निदान तारीख तरी घाल," मी म्हणालो.
"नको सर. पुढच्यांना काय काम मग?"

चाचांनी चहाचे पैसे घेतले नाहीत.
टेप गुंडाळताना तुटक्या टोकानं बोट कापलं,
थोडंसंच.
गल्लीच्या तोंडापर्यंत आदिल विचारत होता,
सर, मी आता पूर,
का कुणाची तरी भैण?