दुसऱ्यांचे पियानो

लिफ्टमध्ये मावला नाही तेव्हा
पाच माथाडींनी जिन्यावरून चढवला होता,
नेरूळ, सेक्टर अठरा, चौथा मजला.
तिसऱ्यावर वळताना भिंतीचं प्लास्टर गेलं.
गुप्तेकाकूंनी सगळ्यांना ताक दिलं
आणि प्लास्टरचा विषय सोसायटीच्या मीटिंगसाठी राखून ठेवला.

तेव्हापासून तो तिथंच आहे.
जाते ती मी.

सतारवाले सतारीसाठी विमानाचं वेगळं तिकीट काढतात,
मी मोकळ्या हातांनी निघते.
प्रत्येक गावात दुसऱ्याचा एक पियानो उभा असतो,
काल कुणी वेगळ्यानंच वाजवलेला,
पट्ट्यांना अजून त्याच्या बोटांचं वळण.
ओळख करून घ्यायला चाळीस मिनिटं.
एवढ्यात कांदेपोहेसुद्धा होत नाहीत नीट.

लुब्लिनला पेडल कण्हत होतं.
बुसानला खालचे सूर इतके गोड की भीती वाटली.
एका स्पर्धेत तिसरी आले;
तिसऱ्याचं नाव बातमीत 'तसेच'च्या पुढे येतं.
मार्चमध्ये तीस पूर्ण होतील,
मग ते अर्जच माझ्यासाठी बंद.
वॉचमन विचारतो, ताई, कॅसिओ चालू आहे ना अजून?
चालू आहे, म्हणते.

जनार्दन नाखवा येतात चेंदणीहून, वर्षातून दोनदा.
हार्मोनियमच्या दुकानात हात बसलेला,
म्हणून तोंडी पांढरी एक, काळी चार.
झाकण उघडून आतला पंचवीसचा बल्ब बघतात,
दमट हवेसाठी रात्रंदिवस जळणारा.
आई त्याला चुकून हात जोडते कधी कधी.
"खाडी होड्या खाते, पोरी,
तारांचं काय घेऊन बसलीस."

मधल्या सप्तकातली काळी दोन माझ्या लहानपणापासून आळशी.
अर्धवट उठायची, झोपमोड झाल्यासारखी.
तिला जरा जास्त दाबायचं, एवढंच शिकले.
आता त्या सुराशी बोट आपोआप जड होतं
कुठल्याही गावात, कितीही धडधाकट पियानोवर.
ग्राझच्या एका टीकाकारानं लिहिलं,
त्या एका सुरावर ही बाई जे दुःख ठेवते
ते कुठून येतं कळत नाही.
आईला वाचून दाखवलं. तिनं डोळे पुसले.
मी काही बोलले नाही.

या खेपेला दार उघडतानाच आई हसत होती.
नाखवा दिवाळीआधी येऊन गेले,
काळी दोन दुरुस्त केली,
आतला फेल्ट बदलला, पैसे घेतले नाहीत.
"वाजव ना."

दोनला पाच कमी.
दोन ते चार वाद्यांना बंदी, खाली नोटीस आहे.
बूट न काढताच बसले.

काळी दोन केवढ्यानं ओरडली.
खिडकीतलं कबूतर उडालं.
आई अजून हसतच होती.
मी पुन्हा दाबली, हलक्यानं,
बोटाकडे बघत,
जसं परक्या गावात
पहिल्या चाळीस मिनिटांत बघते.