एकच पर्याय निवडा

संकेश्वरच्या स्टँडसमोर माझं झेरॉक्सचं दुकान.
उतारा, रहिवासी, जातीचा दाखला,
पानाला दोन रुपये, ऑनलाइनचे पन्नास.
तंगेव्वा मादार बाजार उरकून आली,
काखेत चौंडकं, टॉवेलात गुंडाळलेलं,
शेजारणीचं पोर घडीभर सांभाळायला घ्यावं तसं.

लोककलावंतांचं मानधन. बारा रकाने.
नाव, वय, बँक, सगळं सुरळीत.
मग भाषा: एकच पर्याय निवडा.

"कुठल्या भाषेत गातीस गं?"
"पैली वळ कन्नड. दुसरी तिला जबाब देती."
आणि लॅमिनेशनच्या उग्र वासात तिथंच म्हणून दाखवलं,
बारे अव्वा बारे, होळि दाटि बारे,
ये गं माय ये गं, पान्याला न्हाई ठाव.
"आता ह्यातलं कुठलं काढू, सांग."

मी कन्नडवर टिचकी मारली.
पलीकडं गडहिंग्लजात राहिली असती
तर दुसरीवर मारली असती.
रकाना तिकडंही एकच.

पंधरा वर्षांच्या कार्यक्रमांचे पुरावे जोडा.
रात्र-रात्र जागर झाले, परड्या भरल्या,
पावती कुणी फाडली?
प्रमाणपत्र एकच, कोपरा उंदरानं खाल्लेलं.
आठ गावं जीपमधून फिरवलं होतं तिला
देवीच्याच चालीवर संडासाचं पद म्हणायला.
शब्द साहेबांचे, चाल तिच्या मावशीची.
"पद वंगाळ न्हवतं," ती म्हणाली,
"पर 'उधो' म्हणायचं तिथं अनुदानाचा आकडा यायचा,
दम पुरायचा न्हाई."

फोटो शोधता शोधता जुनी फाइल उघडली.
शपथपत्र. मीच टाइप केलेलं, दुसऱ्या खात्यासाठी.
'मी जोगपण सोडले आहे. जोगवा मागत नाही.
चौंडके उतरवून ठेवले आहे.'
त्याच्यावर महिन्याला पेन्शन येते,
नातीच्या वह्या येतात.
आणि आज त्याच बोटांनी मी लिहितोय:
'चाळीस वर्षे अखंड सेवा.'

तिला वाचून दाखवलं नाही.
तिनंच वाचलं असावं माझ्या तोंडावर.
"नऊ वर्साची व्हते. मणी बांधले गळ्यात.
त्ये बंद झालं, लई बरं झालं.
नातीच्या गळ्यात काय न्हाई, शाळेचा बिल्ला हाय."
मग बराच वेळ टॉवेलाची गाठ सोडत बसली.
"पर तिला चालबी येत न्हाई."

अंगठा ठेवला. यंत्राला ओळख पटेना.
तार ताणून ताणून रेषाच गेल्यात,
जात्याला टाकी लावायची राहून जावी तशा.
पुसून ठेवला, थुंकी लावून ठेवला,
उजवा ठेवला.
मग ओटीपी. तो गेला भाच्याच्या फोनवर,
भाचा इचलकरंजीत मागावर,
खडखडाटात त्याला रिंग कुठली ऐकू येतेय.

गडहिंग्लजची एसटी लागली, सुटली.
उसाच्या ट्रॉल्यांनी रस्ता अडला, मोकळा झाला.
ती बाकावर बसून तार लावत होती,
पडद्यावरचं चाक फिरत होतं,
फिरता फिरता थांबलं.
वेळ संपली. पुन्हा सुरुवात करा.

"काय म्हनतंय त्ये?"
"पहिल्यापासनं म्हणा म्हणतंय."

ती खाकरली. पदर सावरला.
आणि खरंच पहिल्यापासनं धरलं.
आधार कार्डाची प्रत काढायला आलेला पोरगा
हातात नाणी घेऊन उभाच राहिला.
त्याला थांब म्हणायचं मी विसरलो.
नाव, वय, बँक भरून
मी पुन्हा त्याच रकान्यापाशी आलो होतो,
आणि ती दुसऱ्या ओळीवर.