सातवी पायरी

जुन्या घराचा जिना सहा पायऱ्यांचा होता.
खात्रीनं सांगतो, कारण त्यांना रंधा मीच मारला होता,
बर्बँकच्या नऊ नंबरच्या स्टेजवर,
बेचाळीस वर्षांपूर्वी, एकोणीस वर्षांचा असताना,
तोंडात खिळे धरून.
सहाव्या पायरीला वळण, वळणामागे एक फळी,
फळीवर वाळूची बादली, सिगारेटची थोटकं,
आणि खाली उतरायला शिडी.
टर्कलांची रुसलेली पोरगी "मी वर चाललेय" म्हणत
दाणदाण पाय आपटत जायची
आणि अंधारात उकिडवी बसून राहायची.
बावीस मिनिटांत भांडण मिटायचं. मिटायलाच हवं असायचं.

आता त्याच टर्कलांचा सिनेमा निघतोय. चौऱ्याण्णव मिनिटांचा.
एका भांडणावर एवढा वेळ निभत नाही,
म्हणून बापाची नोकरी घालवलीय, कुत्रा हरवलाय,
आणि शेवटी सगळे मिळून एका धरणावर जातात.
का, ते मला विचारू नका. मी सुतार.

दिग्दर्शक टोबिन, वय चौतीस.
लहानपणी कांजिण्या आल्या तेव्हा
दुपारचे जुने भाग बघून त्याला हे घर पाठ झालं.
सोफ्याचा हिरवा जरा चुकला तरी ओरडतो.
मला म्हणाला, "ऑरिन, कॅमेरा गोल फिरणार, चौथी भिंत लागेल.
त्या बाजूला काय होतं?"
म्हटलं, बाकं होती. दोनशे चाळीस माणसं,
फ्रेस्नोहून, पामडेलहून बस करून आलेली.
तिसऱ्या रांगेत एक बाई दर शुक्रवारी
बदकासारखी हसायची.
त्यानं वहीत लिहिलं:
भिंत, फिकट पिवळी. एक घड्याळ.

जिना मात्र खरा हवा म्हणाला. तेरा पायऱ्या. वर खोली, पलंग, खिडकीला पडदे.

व्हर्ना लिंडक्विस्ट आली, तेव्हाची आई.
ऐंशीची झालीय. या वेळी ती टपालवाली,
तिला दारातलं एकच वाक्य:
"माफ करा, उशीर झाला. तुमचं पत्र फारच लांबलचक होतं."
म्हणाली, आणि तशीच उभी राहिली.
एक. दोन. तीन.
सहायक पोरगा कागद घेऊन धावला, त्याला वाटलं विसरली.
विसरली नव्हती.
हशाला जागा ठेवत होती,
जेवायला कुणी यायचं असलं की
खुर्ची ओढून ठेवावी, तशी.
मला फुटलं हसू. टेक वाया गेला.
ध्वनिवाल्यानं कानावरचं काढून
माझ्याकडे नुसतं बघितलं.
दुसऱ्या टेकला ती थांबली नाही.

जेवणाच्या सुट्टीत सगळे बाहेर टाकोच्या गाडीवर गेले.
ती जिन्यापाशी.
"वर खरंच काही आहे?"
आहे, म्हटलं.
"अकरा वर्षं वर जात होते रे मी. पोचले एकदाही नाही."

कठडा धरून निघाली. गुडघा कुरकुरत होता, किंवा माझी फळी.
सहाव्या पायरीवर पाऊल आपोआप वळलं,
हात भिंतीवरून शिडी चाचपायला लागला.
मी खालून म्हटलं, अजून आहेत.
सातवीवर तिनं पाय ठेवला
ओल्या सिमेंटवर ठेवावा तसा.
मग दिसेनाशी झाली.

बराच वेळ काही नाही.
पलंगाची स्प्रिंग वाजली.
"ऑरिन, चादर छान आहे.
पण खाली काय चाललंय ते इथून मुळीच ऐकू येत नाही."

खाली काहीच चाललं नव्हतं.
पिवळ्या भिंतीवरच्या घड्याळात सेल नव्हता,
दहा वाजून दहा मिनिटं झालेली, केव्हाची.
मी हातोडी उचलली
आणि एका पक्क्या बसलेल्या खिळ्यावर
दोन-चार ठोके घातले, उगीच.