उपाशीपोटी एक्केचाळीस

मालनवहिनी माझी मान घासते
काथ्याने, मग तुरटीने.
काळं जात नाही.
"मळ नाही गो हा," मी म्हणते, "आतून आलाय."

दापोलीच्या लॅबचा कागद ओट्यावर,
त्यावर बोंबलाचा ओला डाग:
इन्सुलिन, उपाशीपोटी, एक्केचाळीस.

डॉक्टर म्हणाले, गोळीमुळे.
रात्रीची, पिवळी, अर्ध्या-अर्ध्याने वाढवलेली.
शरीर इन्सुलिन ओततच राहतं,
पेशी दाद देत नाहीत;
लिलावात बोली लागू नये
आणि पुकारणाऱ्याचा आवाज चढत जावा, तसं.

मला हसू आलं.
दोन वर्षांपूर्वी
कुणी न बोललेलं मला ऐकू यायचं,
जेटीखालून, बर्फाच्या पेटीतून, थेट नावानं.
आता अंगात कुणी घसा फोडून सांगतंय
आणि मीच बहिरी.

भूक मात्र ऐकू येते.
पहाटे तीनला, भाताच्या टोपाशी.
दोन पोलकी उसवली, तिसरं शिवायचं राहिलंय.

गोळी बदलू म्हणतात, हळूहळू.
आपल्या मनाने सोडायची नाही.

हर्णैच्या बंदरात होड्या लागतात.
लाट ही नुसती लाट,
तिच्यात माझं नाव नाही.
एवढ्यासाठी
मी वहिनीपुढे मान वाकवते:
घास.