निरंक

सहा जाळी होती आमच्या खात्याची जिल्हाभर.
दोन तांब्याची, एक बिनतारी,
एक उपग्रहाची छत्री, तिच्यात जिंतूरला पारव्यांनी संसार मांडलेला;
उरलेली दोन फक्त बिलात.

हुकूम आला: सगळ्यांचं एक करा.
एक काचेची तार, एक बिल, एक सही.

मार्चभर परभणीच्या कोंदट खोलीत
मी नंबर लावत बसलो.
एक वाजत राहिला कुलूपबंद गोदामात.
एक निघाला बदलून गेलेल्या साहेबांच्या घरी,
नऊ वर्षं बिल आमचं,
भाडेकरूची लेक त्यावर मैत्रिणीशी बोलायची.
तोडला. ती म्हणाली, "कामून?"
उत्तर नस्तीत नव्हतं.

मग बिनतारीची वही आली.
करपरेच्या पुलाखालचं पाणीमोज ठाणं, रोज सकाळी सहा.
सांगणार मोकिंदा टोम्पे, रोजंदार.
लिहून घेणार दस्तगीर, चालक.
आज निरंक.
आज निरंक.
मध्येच एकदा: शेळी व्याली, बाकी निरंक.

खर्च सालाला एकेचाळीस हजार, बॅटरीसकट.
तक्त्यातली ओळ आपोआप लाल झाली.

मी गेलो बघायला.
नदीत नुसते गोटे. खांबावर मीटरचे आकडे,
रंग उडालेले; शून्य तेवढं ताजं रंगवलेलं.
"ह्योच लागतो रोज," मोकिंदा म्हणाला.

मग रोज सांगायचं कशाला?

त्यानं वर हात केला, सातच्या आकड्याखाली.
"हितवर आलतं. रातचे तीन.
फोन मेले, टावर मेला, खांब आडवे.
ह्या डब्यावर म्हनलं, दस्तगीरभाई, निरंक नाई.
एवढंच.
खालची तिन्ही गावं उठवली त्यांनी."

पाचांचं एक केलं मी.
सहाव्यापुढं लिहिलं: अतिरिक्त मार्ग, चालू ठेवावा.
साहेबांनी 'अतिरिक्त'भोवती गोल काढला:
म्हणजे जादाच ना? खुलासा करावा.

खुलासा वर गेलाय. वरून अजून काही नाही.
जूनमध्ये दस्तगीर निवृत्त झाले,
जागा भरायची नाही असं ठरलं.
वहीत आता माझं अक्षर.

सहाला खरखर होते.
"आवाज यायलाय का साहेब?"
यायलाय, मोकिंदा. बोल.